दोन वाजून दहा मिनिटं

साहेबांच्या लहानपणीच्या घरात मी शेकडो वेळा गेलो असेन, पण तिकीट काढून आत शिरलो तो पहिल्यांदाच.

सव्वीस वर्षं मी त्यांची गाडी चालवली. ते सत्तेवर होते तेव्हाही आणि लोक त्यांना विसरले तेव्हाही. गेल्या वर्षी साहेब गेले आणि सरकारला एकदम त्यांची आठवण झाली. घराची डागडुजी झाली, दाराशी पाटी लागली. चार खोल्या, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पहिलीत शाळेची प्रगतिपुस्तकं काचेखाली. दुसरीत टेबल आणि दिवा.

“इथे बसून साहेब अभ्यास करायचे,” घर दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या असतील. गळ्यात ओळखपत्र, पायात कापडी बूट. दुपारचे चार वाजून गेले होते आणि माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

“छे हो. अभ्यास स्वयंपाकघरात, आईच्या पायाशी बसून. आईच सांगायच्या. हे टेबल पुढे कधीतरी आलं.”

बाईंनी मला नीट न्याहाळलं. “तुम्ही घरातले का?”

“गाडीतला,” मी म्हणालो.

त्या हसल्या. मग मात्र त्यांनी पाठ केलेलं म्हणणं सोडून दिलं.

तिसरी खोली स्वयंपाकघराची. भांडी इतकी चकचकीत की आईंनी ती आपली म्हणून ओळखली नसती. आई मला ‘सारथी’ म्हणायच्या. साहेब आत येऊन टेकायच्या आधीच त्यांचं सुरू व्हायचं, “सारथी जेवलाय का? त्याला आधी वाढा, तुझं भाषण नंतर.”

चौथी खोली आईंची. तिच्या दाराला आडवी दोरी होती. बाई चार पावलं अलीकडेच थांबल्या.

“तुम्ही बघून या. मी आहे इथे.”

“का हो?”

“आत वेताची खुर्ची आहे. जुन्या फोटोत ती भिंतीकडे तोंड करून आहे, म्हणून आम्ही तशीच ठेवतो. सकाळी कुलूप काढलं की ती खिडकीकडे वळलेली असते. वरती कळवलं. ते म्हणाले, लादी उतरती असेल.”

“आहे का?”

“पेलाभर पाणी ओतून पाहिलं. जागचं हललं नाही.”

मी दोरीखालून वाकून आत गेलो. जन्मभर इंजिनाशी झटापट केलेला माणूस मी. कुठे काही कुरकुरलं की आधी नट तपासतो. मी खुर्चीचे चारही पाय चाचपले. घट्ट होते. बैठकीवर हात ठेवला.

बैठक कोमट होती. ऊन तिथवर पोचत नव्हतं.

मग वास आला. आई गुडघ्याला चोळायच्या त्या तेलाचा. फळीवरच्या बाटल्या रिकाम्या होत्या, धुऊन पुसून ठेवलेल्या. खिडकीतून रस्ता थेट वळणापर्यंत दिसत होता. याच खिडकीशी बसून आईंनी त्या दिवशी आमच्या गाडीची वाट पाहिली होती.

तो दिवस मी कुणाला सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. निवडणुकीआधीची शेवटची सभा होती. मांडवामागच्या कचेरीत फोन वाजला आणि तो मी उचलला. ‘आईंचं काही खरं नाही, साहेबांना घेऊन लगेच निघा.’ घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. साहेबांच्या सचिवांनी माझा दंड धरला. “भाषण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.” मी नाही उघडलं. साडेपाचला साहेब खाली उतरले तेव्हा सांगितलं. वाटेत त्यांनी मागच्या सीटवरून एकच विचारलं, “निरोप कधी आला?” मी म्हणालो, “आत्ताच, साहेब.”

रस्ता दोन तासांचा. आई सहाला गेल्या. शुद्ध शेवटपर्यंत होती.

पुढची सगळी वर्षं साहेब म्हणत राहिले, “नशिबातच नव्हतं.” आरशात त्यांचे डोळे दिसायचे. मी गिअर बदलायचो.

“सारथी?”

आवाज खुर्चीतून आला. घशाला कोरड पडल्यासारखा.

“आला का रे तो?”

मी लादीवर बसलो.

“आई, त्यांची काही चूक नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. फोन मी घेतला होता. मीच सांगितलं नाही.”

वेत करकरला.

“म्हणजे निरोप आधीच आला होता?”

हा आवाज माझ्या पाठीमागून आला. साहेबांचा.

मी वळलो नाही. सव्वीस वर्षं तो आवाज मी पाठीमागूनच ऐकत आलो होतो.

“कधी आला?”

“दोन वाजून दहा मिनिटांनी, साहेब.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोसलं असतं.

पावलं माझ्या बाजूने पुढे गेली. सुरुवातीला जड, डावा पाय जरा ओढणारी. मग हलकी. खुर्चीपाशी पोचली तेव्हा ती अनवाणी होती, आणि अगदी लहान.

मग रडणं ऐकू आलं. पदरात तोंड खुपसून लेकरू रडतं तसं, गुदमरलेलं.

मी मागे सरकत सरकत दोरीखालून बाहेर आलो. पाच वाजून गेले होते. बाई कुलूप हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

“बंद करायचं असेल ना तुम्हाला?” मी विचारलं.

त्यांनी आतल्या दिशेला कान दिला. डोळे भरून आले होते त्यांचे.

“थांबू या जरा,” त्या हळूच म्हणाल्या. “इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा आलाय. रडून होऊ दे त्याचं.”