मूळ संख्या आणि एक सैल स्क्रू

तो दुरुस्तीच्या दुकानात आला, तोच रिकाम्या हातांनी.

"कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय. पण इथे आणता येत नाही... बंद केला तर सगळी मेहनत पाण्यात."

टेबलाशी बसलेल्या तिनं वर पाहिलं. त्याचा चष्मा घसरलेला, शर्टाचं बटण भलत्याच काजात.

"म्हणजे पेशंट जागा ठेवून ऑपरेशन?"

"जमेल, डॉक्टरीणबाई?"

तिला जमलं. गणिताच्या शिकवण्या घेणारे हे मास्तर घरी एक लाखो आकडी संख्या तपासत होते. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नसेल, तर ती मूळ. प्रोग्राम त्यांचाच, आणि तो मध्ये थांबवायची सोय करायला स्वारी विसरली होती.

"या चाचणीत उलटं असतं. शेवटी बाकी शून्य आली, की संख्या मूळ, आणि मी जिंकलो," तो म्हणाला.

चालत्या मशीनमध्ये तिनं नवा पंखा बसवला. झाकणाचा एक स्क्रू मात्र सैलच ठेवला. मग फटीतून धूळ जायची, आणि ती झटकायला तिला यावंच लागायचं.

"टॉर्च पंख्यावर धरा, मास्तर."

"पंख्यावरच आहे."

"माझ्या कानावर आहे..."

उजेड जागचा हलला नाही. तिनंही पुन्हा सांगितलं नाही.

मग एकदा ब्रश फिरवता फिरवता ती म्हणाली, "दादानं स्थळ आणलंय. रविवारी उत्तर द्यायचंय."

त्यानं टॉर्च खाली ठेवला. "त्याआधी बाकी येईल. आजवर माझ्या हातून एक गोष्ट धड झालेली नाही. ही होऊ दे – मग ताठ मानेनं दादांकडे येतो."

गणितात काठावर पास झालेली ती, एका बाकीसाठी झुरत राहिली.

रविवारी ती पोचली, तेव्हा पडद्यावर शून्य नव्हतं.

"मूळ नाही," तो म्हणाला. "भाग जातो."

"कितीनं?"

"ते कळत नाही. जातो, एवढंच कळतं."

"बरं. चला, दादा घरी आहे."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"याच. मी कधी शून्य मागितलं होतं तुमच्याकडे?"

त्याचे ओठ हलले... आणि नजर पडद्याकडे वळली. "पुढची संख्या लावतो. या वेळी नक्की. थोडं थांबाल?"

ती थांबलीही असती. पण मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

तिनं स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो सैल स्क्रू घट्ट पिळला.

"हा... सैल होता?"

"पहिल्या दिवसापासून. मीच ठेवला होता."

त्याला कळलं. डोळे भरून आले त्याचे. "म्हणजे ती धूळ –"

"आता नाही जाणार आत."

दारात ती जराशी रेंगाळली. हाक आली नाही. जिन्यात तिनं दादाला फोन लावला, "हो" म्हणाली, आणि कठड्याला धरून रडली. वर तिनं बसवलेला पंखा कुरकुर न करता चालू होता.