अकराव्या मिनिटानंतर

पटलं नाही तर सोडून द्या, पण यात पदरचं काही नाही. हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलंय.

मामा ध्वनिमुद्रक होता. त्या शनिवारी, दुपारी चार वाजता, एका संगीतकार बाईंची नवी रचना पहिल्यांदाच वाजणार होती. सभागृह खचाखच भरलेलं. मामा मागच्या काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून बसलेला.

रचनेला ना चाल, ना ठेका. वाजवतायत की अजून वाद्यंच जुळवतायत, असं कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

मग शिट्ट्या.

मग अकराव्या मिनिटाला... पहिली खुर्ची भिरकावली गेली.

वादक वाद्यं टाकून पळाले. टेप मात्र फिरतच होती.

एक म्हातारा तेवढा हात जोडून विनवत होता, की ऐकू तरी द्या. लोक त्याच्यावर तुटून पडले. खुर्चीच्या तुटक्या पायानं त्याचं डोकं फोडलं. रक्तबंबाळ होऊन तो मामाच्या खोलीपर्यंत आला. दार बडवत राहिला.

मामाची पाचावर धारण बसली होती. त्यानं कडी काढली नाही.

म्हाताऱ्यानं दारातच जीव सोडला.

सोमवारी सकाळी बाई टेप ऐकायला आल्या. दाराचं मामा काहीच बोलला नाही. टेप सुरू केली. दहा मिनिटं... अकरा...

गोंधळ नाहीच.

शिट्टी नाही, किंकाळी नाही. नुसतं संगीत. स्वच्छ, सलग, शेवटपर्यंत.

पळालेल्या वादकांच्या जागी वाजवत कोण होतं?

बाई पांढऱ्याफटक पडल्या. रचनेची शेवटची चार पानं त्यांनी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बदलली होती म्हणे. वादकांना दिलीच नव्हती. टेपवर तीच वाजत होती.

शेवटचा सूर विरला. आणि...

एकाच माणसाच्या टाळ्या. ओल्या, चिकट.

मामानं झटकन टेप थांबवली. बाई ती पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. दुपारी त्यांचा फोन आला.

"टाळ्या थांबत नाहीयेत हो."

"टेप बंद करा आधी."

"टेप अजून पिशवीतच आहे."

मामा तसाच धावत सुटला. त्यांचं दार सताड उघडं. बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत.

टाळ्या त्याच वाजवत होत्या.

तळहातांची सालटी निघाली होती. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. मामानं आणि शेजाऱ्यानं मिळून त्यांचे हात धरून ठेवले, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

पुढे बाई बरीच वर्षं जगल्या. पण समोर कोण होतं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मामाला विचारलं, की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो.