गेर्गिनाबाईंची दुपार

मंगळवारी सकाळी वेलिचकाने बानित्सा, म्हणजे भोपळ्याचं सारण भरलेली पापुद्र्यांची गुंडाळी, भाजली, चार गरम तुकडे ताटलीत काढले, वर फडकं टाकलं आणि जिन्यापलीकडचं कालिनाचं दार वाजवलं. बानित्सा द्यायची होतीच. पण खरं सांगायचं तर तिला विचारायचं होतं. कालिनाने बाळासाठी ठेवलेली नवी बाई काल दुपारी कोट हातात घेऊन धडाधडा जिना उतरून गेली होती. दाराच्या भोकातून वेलिचकाने ते स्वतः पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

फेब्रुवारी सरत आला की रुसे गावात डॅन्यूब नदीवरून धुकं चढतं आणि दिवसचे दिवस हलत नाही. जिन्याच्या खिडकीबाहेर समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती.

"ये मावशी," कालिना म्हणाली. तिच्या कडेवर सव्वा वर्षाची बोयाना होती. "तुझ्यासाठी दार उघडंच ठेवायला हवं."

"ठेव की. वाजवून वाजवून बोटं दुखतात माझी." वेलिचका सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. "गेली ना दुसरीही?"

"पाहिलंसच की."

"कोटसुद्धा घातला नाही गं बाईने, एवढ्या थंडीत. काय झालं?"

कालिनाने बोयानाच्या हातात बानित्साचा तुकडा दिला. मग हळूच म्हणाली, "म्हणाली, तुमच्याकडे आधीच एक बाई आहे. मग मला कशाला बोलावलंत?"

"कुठली बाई?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणे, बाळाच्या खाटेशेजारी बसली होती. मला पाहून जरा सरकली… जागा करून दिली."

वेलिचका हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. कारण पहिली मुलगी गेली तेव्हा जिन्यात तिने वेलिचकाला सांगितलं होतं की त्या घरात पाय फार गार पडतात. आणि कालिनाच्या घरी तर रेडिएटर इतका तापतो की खिडकी उघडावी लागते.

खाटेशेजारी बसणारी बाई एकच होती. गेर्गिनाबाई. आणि त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते.

गेर्गिनाबाईंना या घरी आणलं ते वेलिचकानेच. गेल्या उन्हाळ्यात कालिनाची रजा संपली. सरकारी पाळणाघराच्या यादीत बोयानाचा नंबर लागला नाही. नवरा इवायलो जर्मनीत ट्रक चालवतो, तीन आठवड्यांनी एकदा येतो. औषधाच्या दुकानातली नोकरी सोडली तर घराचा हप्ता कुठून भरायचा? तेव्हा वेलिचका म्हणाली, थांब, माझ्याकडे माणूस आहे. गल्लीच्या टोकाला, जुन्या घराच्या तळमजल्यावर एका खोलीत गेर्गिनाबाई एकट्या राहायच्या. सदुसष्ट वर्षांच्या, तुटपुंज्या पेन्शनीवरच्या, मागे-पुढे कोणी नसलेल्या.

बोलणी वेलिचकाच्या टेबलावर झाली, तीन कप कॉफीवर. दिवसभर बाळ सांभाळणाऱ्या बाईला तेव्हा गावात महिन्याला बाराशे लेव्ह मिळत. गेर्गिनाबाईंनी भीत भीत आठशे मागितले. "यंदा लाकडं महाग झालीत," एवढंच म्हणाल्या.

"अहो गेर्गिनाताई," वेलिचका म्हणाली होती, "बाळ घेऊन बसायचं, त्यात काम ते काय? उलट दिवसभर फुकटात ऊब मिळेल तुम्हाला. सहाशे पुष्कळ झाले."

कालिनाचा जीव भांड्यात पडलेला दिसला. गेर्गिनाबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. सहाशे तर सहाशे."

घासाघीस करून दोघींचं भलं केलं, असं वेलिचका पुढे कित्येक दिवस जिन्यात सगळ्यांना सांगत होती.

फेब्रुवारीत एका सोमवारी साडेसात वाजून गेले तरी गेर्गिनाबाई आल्या नाहीत. आठ महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. गल्लीतल्या अर्ध्या घरांच्या जादा किल्ल्या वेलिचकाकडे असतात, तशी त्यांचीही होती. तिनेच दार उघडलं. आतल्या हवेत तोंडातून वाफ निघत होती. गेर्गिनाबाई कोट घालून पलंगावर निजल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. छातीत सर्दी भरून गेल्या, डॉक्टर नंतर म्हणाला. लोखंडी चूल थंड होती. शेजारी चार फोडलेली लाकडं नीट रचून ठेवली होती, अजून थंडी वाढली तर लागतील म्हणून राखलेली. आणि चुलीवरच्या दोरीला बोयानाचा छोटा लाल स्वेटर वाळत घातला होता, स्वतः विणलेला.

तो स्वेटर काढायला वेलिचकाचा हात धजला नाही. त्या चार लाकडांबद्दल तर तिने कोणाला सांगितलंच नाही. एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"मावशी," कालिना म्हणाली, "दुकानाच्या मालकाने सांगून टाकलंय. उद्यापासून कामावर ये, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. मी काय करू?"

"मी बसते की. त्यात काम ते काय?"

शब्द तोंडातून गेले आणि तिचे तिलाच टोचले.

बुधवारी दुपारी एकपर्यंत वेलिचकाच्या कमरेचे टाके ढिले झाले. बोयानाने सूप भिंतीवर उडवलं, चपला न्हाणीघरात टाकल्या, आणि क्षणभर पाठ वळवली तर खुर्चीवर चढून खिडकीच्या कडीला हात घातला. वेलिचकाने दोन मुलगे वाढवले होते, पण तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. सदुसष्टव्या वर्षी त्या बाईने हे आठ महिने केलं, साडेसात ते साडेसहा. एकदाही हुं की चूं नाही.

दोन वाजले. दुपारी दोन ते चार इमारतीत शांतता पाळायची असते. खिळा ठोकायचा नाही, पोरांनी जिन्यात चेंडू आपटायचा नाही. तशी पाटी वेलिचकानेच लिहून खालच्या दाराला लावली आहे. रेडिओ बंद झाले, पाइपांतलं पाणी थांबलं. धुकं खिडकीला टेकून उभं होतं.

बोयाना मात्र झोपेना. रडून रडून लाल झाली. वेलिचका दूध गरम करायला स्वयंपाकघरात आली, आणि भांडं हातात असतानाच तिच्या लक्षात आलं की रडणं थांबलंय.

करक्…

खाटेशेजारी गेर्गिनाबाईंचं एक बुटकं स्टूल असायचं. त्यावर कोणी टेकलं की असाच आवाज यायचा.

करक्… करक्…

मग गुणगुणणं आलं. शब्द नव्हते, नुसता सूर, म्हातारा, थोडा घोगरा, जागोजागी खोकल्याने तुटणारा. आणि वास. ओलसर लोकर, विझलेल्या चुलीची राख, आणि कपाटात ठेवलेल्या क्विन्सच्या फळांचा तो गोडसर वास, जो गेर्गिनाबाईंच्या कोटाला नेहमी यायचा.

वेलिचका दारापर्यंत गेली. पुढे पाऊल उचलेना. तळपायांतून थंडी वर चढत होती, जणू ती बर्फाळ फरशीवर अनवाणी उभी होती. खाटेत बोयाना पडली होती, डोळे अर्धे मिटलेले, एक हात कठड्यातून बाहेर काढलेला. तिची मूठ कशाभोवती तरी मिटली होती, जशी मुलं मोठ्या माणसाचं बोट धरतात. मुठीत काही दिसत नव्हतं. पांघरुणाचा एक कोपरा हळूच उचलला गेला, आत दुमडला आणि गादीखाली गेला. गेर्गिनाबाई असंच पांघरूण घालायच्या.

"वेलिचका…" कोणीतरी अगदी हळू म्हणालं, बाळ जागं होऊ नये अशा बेताने. "तुझे पाय गारठले ना गं…"

वेलिचकाला वाटलं, पळावं. पण त्या आवाजात राग नव्हता. होता तो कळवळा, आणि त्यानेच तिला जास्त भीती वाटली.

"ताई…" ती दारातूनच म्हणाली. "तुम्ही जा आता. दमला असाल."

"कशी जाऊ…" स्टूल करकरलं. "पोर कोणापाशी ठेवू… येतात आणि जातात. सहाशेत कोण टिकतंय, वेलिचका… मी टिकले, मला जायला जागा नव्हती म्हणून…"

पुन्हा गुणगुणणं सुरू झालं. चार वाजता खाली कोणाचंतरी दार आपटलं, पोरं जिन्यात धावली, आणि खोलीत नुसतं रिकामं स्टूल राहिलं. वेलिचका तोवर दारातच उभी होती. दूध भांड्यात गार झालं होतं.

संध्याकाळी कालिना आली तेव्हा वेलिचकाने तिला कोटही काढू दिला नाही.

"त्या सेव्दाला फोन कर. बाळ सांभाळायला विमा आणि पूर्ण पगार मागत होती ती."

"तूच तर तिला फोनवर सुनावलंस, मंत्र्याचं घर समजलीस का म्हणून."

"माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या इमारतीला माहीत आहे. कर फोन."

कालिना मटकन खाली बसली. "मावशी, तेराशे मागते ती, वर विमा. माझा पगार अठराशे. हप्ता कुठून, खायचं काय? मी काय मुद्दाम गेर्गिनाआजीला कमी दिले का? माझ्याकडे नव्हतेच गं." आणि ती रडायला लागली. "मला ठाऊक होतं कमी आहेत ते. आजी रोज बोयानाला काहीतरी विणून आणायची, आणि मला ठाऊक होतं."

वेलिचकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. कोणाच्या घरात काय चाललंय हे तिला नेहमीच ठाऊक असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या इस्क्राचा मुलगा बोयानाएवढाच, त्यालाही पाळणाघरात जागा नाही, आणि इस्क्रा नोकरी सोडायच्या गोष्टी करत होती. रात्रीचं जेवण व्हायच्या आत वेलिचका तिसऱ्या मजल्यावर जाऊन, इस्क्राच्या नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी तासभर बसून, काम करून आली. दोन घरं, एक बाई, खर्च निम्मा-निम्मा.

सेव्दा शनिवारी आली. पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची, शांत डोळ्यांची. बोलणी त्याच टेबलावर झाली.

"दोन मुलं असतील तर पंधराशे," ती म्हणाली. "विमा वेगळा. आणि वर्षाकाठी भरपगारी सुट्टी."

वेलिचकाच्या जिभेवर घासाघीस आपोआप चढली. तोंड उघडलंही. तेवढ्यात टेबलाखाली तिचे तळपाय बर्फासारखे गार झाले.

"बरं," ती म्हणाली. "पंधराशे तर पंधराशे."

सोमवारी दोन वाजता वेलिचका आपल्या घरात भिंतीला कान लावून बसली. हे काही नवीन नव्हतं, पण एवढ्या काळजीने ती कधी बसली नव्हती. बोयाना थोडी कुरकुरली. सेव्दाचा जाडसर आवाज आला, दुसरंच कुठलंतरी गाणं. मग शांतता. स्टूल एकदा करकरलं, कोणी उठताना करकरतं तसं. पुन्हा नाही. वेलिचका पदराएवढ्या एप्रनात तोंड खुपसून रडली.

माणूस गेल्यावर चाळीस दिवस त्याचा जीव ओळखीच्या जागी घुटमळतो, असं तिकडे सगळेच मानतात. गेर्गिनाबाईंचं करणारं कोणी नव्हतं, म्हणून चाळिसाव्या दिवशी वेलिचकाने गहू शिजवले, वर साखर पेरली, आणि अख्ख्या गल्लीत वाटले. कालिनाने क्विन्सचा मुरंबा दिला. दुपारी दोन वाजता वेलिचका एकटीच गल्लीच्या टोकाच्या खोलीत गेली. घरमालक सोफिया शहरात राहतो, उन्हाळ्यात येऊन बघतो म्हणालेला, त्यामुळे सगळं जसंच्या तसं होतं. दोरीवरचा लाल स्वेटर तिने हातात घेतला.

सव्वा महिना झाला होता, तरी तो ओला होता.

तिने मुकाट्याने चूल पेटवली. चारही लाकडं आत घातली. खोलीत हळूहळू ऊब पसरली, भिंतींनी घाम सोडला. स्वेटरमधून वाफ निघाली. चार वाजेपर्यंत ती पलंगाच्या कडेला बसून गेर्गिनाबाईंशी बोलत होती, बोयानाला आता सहा शब्द येतात, इस्क्राच्या पोराला ती चावते, सेव्दा चांगली आहे. शेवटी म्हणाली, "ताई, मी चुकले. आता ऊब घ्या." लाकडं जळून राख झाली. स्वेटर कोरडा, गरम झाला. तो तिने बोयानाला नेऊन घातला, बाह्या अगदी बरोबर बसल्या. दार तिने स्वतः कुलूप लावून बंद केलं होतं, आणि किल्ली रात्री उशीखाली घेतली.

दुसऱ्या दिवशी राख काढायला म्हणून ती गेली. एकेचाळिसावा दिवस. कुलूप होतं तसंच होतं.

आत तोंडातून वाफ निघत होती. चूल गार, आतून स्वच्छ पुसलेली. आणि शेजारी चार फोडलेली लाकडं नीट रचून ठेवली होती.

वेलिचकाने उंबऱ्यातच चपला काढल्या. मग आत आली, दार लोटलं, गुडघे टेकून बसली आणि काडी ओढली.

आता डॅन्यूबकाठचे प्लमही फुलून गेले, लोकांनी कोट कपाटात ठेवले. पण रोज दुपारी दोन वाजता त्या तळमजल्याच्या धुराड्यातून धूर निघतो. शेजारीपाजारी विचारतात, थंडी सरली तरी कुणासाठी चूल पेटवतेस? वेलिचका, जी कधी कुठली गोष्ट पोटात ठेवत नाही, ती यावर काहीच बोलत नाही. लाकडं तिने एकदाही विकत आणलेली नाहीत.