‘फत्ते’चं उदाहरण

गालावर हात दाबून तो थेट माझ्या टेबलापाशी आला आणि कसाबसा म्हणाला, "डॉक्टर... आहेत का?"

"दातांच्या डॉक्टर वरच्या मजल्यावर. इथे शब्दकोश तयार होतो," मी म्हटलं. "इथे फक्त डोकं दुखतं."

तो हसायला गेला आणि कळवळला. मला वाईट वाटलं, पण माझं लक्ष भलतीकडेच होतं – बारीक कापलेले केस, ताठ कणा, चकचकीत बूट. महिनाभर मी अशाच माणसाच्या शोधात होते. कामासाठी हं, गैरसमज नको.

"तुम्ही फौजेत आहात?"

"हो. पण आत्ता दात..."

"लढाई जिंकल्यावर तुम्ही ‘फत्ते’ म्हणता का?"

दातदुखीने आपल्याला भास व्हायला लागलेत की काय, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

आमच्याकडे नियम आहे. शब्दाच्या प्रत्येक अर्थाला खरं उदाहरण हवं, कुणीतरी खरोखर लिहिलेलं किंवा बोललेलं. बोललेलं असेल तर कार्डावर बोलणाऱ्याची सही लागते. ‘फत्ते’ म्हणजे लढाईतला विजय. जुन्या पत्रांमध्ये किल्ले फत्ते होतात, मोहिमा फत्ते होतात. आज मात्र माझी आत्या बँकेतून पासबुक भरून आणलं तरी दारातूनच ‘फत्ते!’ म्हणून ओरडते. आजच्या फौजी माणसाच्या तोंडचं एक तरी उदाहरण मिळालं नाही, तर आमचे संपादक, मोठे सर, त्या अर्थापुढे ‘जुना वापर’ असा शिक्का मारणार होते. आणि ‘फ’ची पानं पुढच्या शुक्रवारी छापखान्यात जायची होती.

त्याचा दात चार खेपांचं काम निघाला. वर जाताना तो माझ्याकडे पाच मिनिटं थांबायचा, उतरताना अर्धा तास. अर्धा चेहरा बधिर, त्यामुळे एकाच बाजूने हसायचा. मला ती बाजू फारच आवडायला लागली.

"आज तरी म्हणा ना, ‘फत्ते’."

"अजिबात नाही."

"का हो एवढा भाव खाताय?"

"म्हटलं की तुम्ही सही घ्याल... मग मला इथे बसू कोण देईल?"

मी समोरची कार्डं उगाचच सारखी केली. कान तापले होते.

फौजेत तो वायरलेस सांभाळायचा. एकदा बोलता बोलता म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी एक चौकी घेतली आम्ही." एवढंच. मी मात्र ते वाक्य घरी नेलं आणि तिथे नको तो शहाणपणा केला.

शुक्रवारी त्याची शेवटची खेप होती. शनिवारी रजा संपत होती. तो आला तसं मी कार्ड आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. माझ्या सुवाच्य अक्षरात त्यावर लिहिलं होतं – ‘शत्रूला धूळ चारून आम्ही चौकी फत्ते केली.’ खाली सहीची जागा रिकामी.

"हे मी म्हणालो?"

"म्हणजे... तसंच काहीसं. थोडं सजवलंय."

"अकरा जण वर गेलो होतो," तो हळूच म्हणाला. "आठ जण उतरलो."

त्याने पेनला टोपण लावलं, ते माझ्यापुढे ठेवलं आणि जिना चढून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. ज्याच्या कमी बोलण्यावर मी जीव टाकत होते, त्याच्याच तोंडात मी खोटं वाक्य कोंबलं होतं. मोठ्या सरांकडे जाऊन मी सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "चारपर्यंत खरं उदाहरण आणा. नाहीतर शिक्का." मी कोरं कार्ड उचललं आणि वर धावले. खरं सांगू? कार्ड निव्वळ निमित्त होतं.

तो खुर्चीत आडवा पडला होता, तोंडात कापूस, नजर छताकडे.

"अगं, आत कुठे शिरतेस!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दोनच मिनिटं. यांना काही बोलायचं नाहीये, मलाच बोलायचंय." आणि मी बोलत सुटले. "चुकलं माझं. तुम्ही न बोललेलं मी लिहायला नको होतं. शिक्का बसला तर बसू दे... पण तुम्ही असे गप्प निघून गेलात तर मला सहन व्हायचं नाही. तुम्ही मला आवडता. खूप. उद्या जाणार आहात, म्हणून आजच सांगतेय."

डॉक्टरीणबाईंचं यंत्र थांबलं. त्याने हात हलवला. मला वाटलं, जा म्हणतोय... पण तो कार्ड मागत होता. ते छातीवर धरून त्याने सावकाश लिहिलं –

‘खालून वायरलेसवर विचारलं, "फत्ते?" मी सांगितलं, "आठ जण परत येतोय."’

पुढे सही, तारीख. मी वाचत गेले आणि अक्षरं धूसर झाली.

"वीस मिनिटं तोंड उघडायचं नाही," बाईंनी त्याला बजावलं. मग माझ्याकडे वळल्या. "हा काही सांगायचा नाही, म्हणून मी सांगते. काम दोन खेपांचं होतं. चार यानेच करून घेतल्या."

मी पळत जाऊन कार्ड सरांच्या हातात दिलं, त्यांनी ते वाचून शिक्का बाजूला ठेवला, आणि मी तशीच वर आले. दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही बसून राहिलो. त्याने माझा हात हातात घेतला होता, आणि आत कुणाचा तरी दात कोरला जात होता. त्याहून निवांत दुपार मला आठवत नाही.

वीस मिनिटं झाली तसं मी विचारलं, "परत याल ना?"

"येईनच, असं मला सांगता येत नाही," वाकड्या तोंडाने, एकेक शब्द जुळवत तो म्हणाला. "पण यायचंय. तुमच्याकडेच यायचंय. एवढं खरं आहे."

याहून गोड काहीतरी मागता आलं असतं. मी नाही मागितलं.

"तेवढं पुरे," मी म्हटलं. "मी वाट बघेन."