थोपटलेलं पाणी

सन २०६१. वाकी नदीच्या काठावर रंगनाथमामा भोयांच्या हंड्यांत दहा हजार मत्स्यबीज (माशांची बोटभर पिल्लं) वळवळत होतं. सहा वर्षांच्या खंडानंतर आज नदीत पुन्हा मासे सोडायचे होते. सकाळीच भाची चैतालीने नदीच्या पाण्याचा नमुना आणून तपासला होता. पाणी उत्तम!

मग काठाजवळ एक म्हातारा रोहू मासा तोंड वर काढून आ का वासत होता? काय गौडबंगाल होतं हे?

"मामा, थांबा!" चैताली ओरडली. "तो रोहू गुदमरतोय!"

"अगं, तूच म्हणालीस ना पाणी चांगलंय? ऊन चढलंय. हंड्यात पिल्लं फार वेळ तगायची नाहीत." बोलताना मामांचा तळवा हंड्यातल्या पाण्यावर थपथप चालूच होता.

काठावरचा यंत्रमानव टिटवी पुढे सरकला. "मासे विरघळलेल्या प्राणवायूवर (पाण्यात मुरलेल्या हवेतल्या वायूवर) जगतात. या पिल्लांना लिटरमागे निदान पाच मिलिग्रॅम लागतो. पाण्यात कुजणारी घाण आली, की ती खाताना जिवाणू तो संपवून टाकतात. पाणी मात्र नितळच दिसतं. तुझ्या नमुन्यात सात भरला. नमुना आणलास कसा?"

"बादलीतून. वाटेत सवयीने..." चैतालीची जीभच अडखळली. "थोपटत आणला."

"झालं तर! थोपटलं की हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. म्हणून तर हंड्यातली पिल्लं जगतात. तू नदी नाही मोजलीस बाई, स्वतःच्या हाताची मेहनत मोजलीस!"

चैतालीने बाटली नदीतच बुडवली, बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरली, पाण्याखालीच बूच लावलं. टिटवीने आकडा सांगितला. एक पूर्णांक चार.

मामांचा चेहरा उतरला, हात मात्र थांबला नाही. "आता गं?"

"नदीच्या वरच्या अंगाला चला! घाण कुठून येते ते बघू."

हंडे गाडीवर चढले. पहिल्या वळणावर आकडा दोन. एका हंड्यात पिल्लं उलटी व्हायला लागली. गुऱ्हाळांचं धुवण आणणारा ओढा नदीला मिळत होता, तो ओलांडून चैतालीने पुन्हा बाटली बुडवली.

"सहा पूर्णांक आठ!" टिटवी म्हणाला.

मामांनी हंडे पाण्यात कलते केले. पिल्लं क्षणभर प्रवाहात घुटमळली आणि सुर्रकन निघून गेली. चैतालीला रडू आवरेना.

"मामा, आज मी दहा हजार जीव मारले असते."

"मारले असतेस खरे. पण थांबा म्हणून ओरडलं कोण?" मामांनी तिचे डोळे पुसले. "उद्यापासून ओढ्याखालचा आकडा रोज तूच घ्यायचा. ग्रामसभेत गुऱ्हाळवाल्यांसमोर वाचायचाही तूच. तो पाचावर जाईल, त्या दिवशी खालची नदीही आपली."