पहारेकऱ्याची डावी टाच

दुकानाच्या लाकडी जमिनीवर ती पावलं वाजली आणि कासव कपाटात शिरली.

विचार करून शिरली असं नाही. विचार करायला वेळ असता तर ती पलंगाखाली गेली असती. तिथून निसटायला दोन वाटा होत्या. पण पावलं अगदी जवळ आली होती... टक्, खर्र. टक्, खर्र. दर दुसऱ्या पावलाला डावी टाच किंचित घासत होती. ही चाल तिनं झोपेतही ओळखली असती. समोर तीन दारांचं कपाट उघडं होतं. ती आत बसली, दार ओढून घेतलं आणि श्वास रोखला.

आता, कासव ही चांगली शिकलीसवरलेली, धडधाकट मुलगी होती आणि फर्निचरच्या या दुकानात विक्रीचं काम करत होती. कासव हे तिचं ऑनलाइन खेळातलं नाव. खेळ असा की एक भलामोठा ओसाड बंगला, त्यात लपवलेली रत्नं, आणि खेळाडू दिसला रे दिसला की गोळी घालणारे पहारेकरी. हे पहारेकरी दिसायच्या आधी ऐकू येतात. ज्याचे कान तिखट, तो वाचतो. कासवचे कान इतके तिखट होते की शेजारच्या काकू चिडल्यात की नुसत्याच भांडी घासताहेत, हे तिला भिंतीपलीकडून कळायचं. खेळात ती सावकाश चाले, वेळेवर दडे आणि शेवटपर्यंत जिवंत राही. म्हणून कासव. ते नाव मग सगळीकडेच रुळलं. दुकानाचे मालकसुद्धा "कासव, पटकन गिऱ्हाईक बघ गं" म्हणत आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

तर, पावलं कपाटापाशी थांबली. दार उघडलं.

बाहेर एक तरुण उभा होता. खांद्याला बॅग, पायांत जाड तळव्यांचे जुने बूट. त्यानं कपाटात उकिडव्या बसलेल्या विक्रेतीकडे पाहिलं. दार लावलं. परत उघडलं. परत लावलं.

"कुरकुरत नाही," तो खिन्नपणे म्हणाला.

"आमचं एकही कपाट कुरकुरत नाही," आतून उत्तर आलं. धंद्याच्या बाबतीत ती कुठल्याही परिस्थितीत चोख होती.

"अरेरे... मला कुरकुरणारंच हवं होतं."

"दहा वर्षं वापरा. कुरकुरेल."

"एवढा वेळ नाहीये हो. शुक्रवारी द्यायचंय." दार पुन्हा उघडलं. "एक विचारू? तुम्ही या कपाटाबरोबर येता का?"

"नाही. कपाट रिकामंच मिळतं." ती बाहेर आली, ओढणी झटकली. "तुम्ही जरा त्या टेबलापर्यंत जाऊन परत या बघू."

का, असं त्यानं विचारलं नाही. गेला, आला. टक्, खर्र. टक्, खर्र. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"तुम्हीच!" ती म्हणाली. "तीन वर्षं तुम्ही मला मारताय! मला, माझ्या आत्याला... जिन्यात, तळघरात, एकदा तर आंघोळीच्या टबात!"

गल्ल्यावरून मालक उभे राहिले.

तरुणाचा चेहरा मात्र असा उजळला, जणू त्याला कुणी पुरस्कार जाहीर केला होता. "म्हणजे तुम्ही तो खेळ खेळता!"

मग उलगडा झाला. त्या खेळातले आवाज हाच करायचा. दारं, वारा, हाडं मोडणं – हाडं म्हणजे कोबीचा गड्डा – आणि पहारेकऱ्यांची पावलं. सगळ्या पहारेकऱ्यांच्या पायांत हेच बूट होते. ते मोठ्या भावाचे, एक नंबर मोठे. म्हणून टाच घासायची.

"जिना उतरताना तुमचा पहारेकरी जरा जास्तच खुशीत असतो," ती म्हणाली.

"त्या दिवशी माझी दाढ ठणकायची थांबली होती," तो हळूच म्हणाला. "हे... आजवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं."

आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट. कासवला वाटलं, परत कपाटात जावं.

त्याऐवजी तिनं गोदामातून दुरुस्तीला आलेली एक खुर्ची आणून दिली. ती पुढे झुकलं की कण्हायची, मागे रेललं की किंचाळायची. तो डोळे मिटून त्या खुर्चीवर झुलत बसला.

"घेताय का?" मालकांनी विचारलं.

"नाही, ऐकतोय."

"ऐकायला ठेवलीय का ती?" मालक म्हणाले. पण गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे तेही ऐकत उभे राहिले.

त्यानंतर तो येतच राहिला. कधी खण जोरात लागण्याचा आवाज हवा म्हणून, कधी गादीवर कुणीतरी धपकन पडण्याचा आवाज हवा म्हणून. गादीवर पडायचं काम मालकांनी हौसेनं स्वतःकडे घेतलं.

एका संध्याकाळी कासवनं त्याला घरी नेलं. घरी आत्या होती. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली, पण गळ्यातली शिटी अजून न उतरवलेली. आत्या त्याच खेळात भाचीच्या जोडीनं उतरे आणि दडणं वगैरे प्रकार तिला मान्य नव्हते. ती सरळ पहारेकऱ्यावर धावून जाई, मरे, आणि मग संगणकाला शिटी वाजवून फाउल देई.

"तू होय तो बूटवाला!" आत्या म्हणाली. "पाठीमागून येतोस. लाज नाही वाटत?"

"वाटते, आत्या. अजून एक बिस्किट घेऊ का?"

"घे. पण बंगल्यात माझ्या वाटेला जायचं नाही."

त्याचा स्टुडिओ म्हणजे एका गॅरेजच्या मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, जमिनीवर मोठमोठे ट्रे. एकात खडी, एकात वाळकी पानं, एकात फुटक्या फरश्या. खेळाच्या नव्या भागात पहारेकरीण येणार होती आणि तिची पावलं कासवनं द्यावीत, असं त्याचं म्हणणं पडलं.

"मी? मी तर खेळात पळते."

"म्हणूनच. पाठलाग कसा नको वाटतो, हे तुम्हाला माहितीये."

मग सुट्टीच्या दुपारी ती खडीतून चालायची आणि तो माईक हातात घेऊन तिच्या पावलांशी बसायचा. माणसं डोळ्यांत बघतात. हा घोट्याकडे बघायचा, आणि तेही इतक्या एकाग्रतेनं की तिला आपले घोटे नेमके कसे आहेत, याची आयुष्यात पहिल्यांदा काळजी वाटली.

"आता जरा रागात," तो म्हणायचा.

"कुणावर?"

"माझ्यावर."

ती चालायची. तो हेडफोन काढून मान हलवायचा. "हा राग नाही हो. हे तर... लाडात चालल्यासारखं येतंय."

"खडी खराब आहे तुमची."

खोलीवर पत्रा होता. पाऊस आला की काम बंद. अशाच एका सरीत दोघं फुटक्या फरश्यांच्या ट्रेच्या काठावर बसले होते. पत्र्यावर ताडताड चाललं होतं. त्यानं बुटाची नाडी सोडली. बांधली. परत सोडली.

"मला खेळाच्या कंपनीनं त्यांच्या गावी बोलावलंय," तो म्हणाला. "कायमची नोकरी. या आठवड्यात कळवायचंय. आणि मला... म्हणजे तुम्ही मला फार आवडता. दोन्ही गोष्टी एकदम सांगायच्या नव्हत्या, पण पाऊस थांबेल म्हणून घाई केली."

कासवनं फरशीचा एक तुकडा उचलला, उलटा करून पाहिला. ती घाबरली नव्हती. तिला फक्त एक तांत्रिक अडचण होती.

"तुमची पावलं ऐकली की माझ्या छातीत धडधडतं," ती म्हणाली.

"मग तर..."

"थांबा ना. ते तीन वर्षांपासून धडधडतंय. तुम्ही दिसायच्याही आधीपासून. आत्याचंही धडधडतं. तिचं काही तुमच्यावर प्रेम नाही."

"विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाली. थोडा वेळ घेतला, पण नाही म्हणाली." ती हसली, मग गंभीर झाली. "माझं हे प्रेम आहे, की गोळी लागायची भीती आहे, तेच मला कळेना. खात्री नसताना 'हो' म्हटलं, तुम्ही त्यावर नोकरी सोडलीत, आणि मग ती नुसती सवयच निघाली तर? गिऱ्हाइकाला मी असं कपाट कधी विकलं नाही."

दुसरा कुणी असता तर रुसला असता. हा विचारात पडला. "मग मी वेगळा चालून येतो," तो म्हणाला.

आणि आला. दुसऱ्या दिवशी रबरी चपला घालून आला, पण दारातच शिंकला. तिनं दचकून सोफ्याची किंमत चुकीची सांगितली. पुढे लहान मुलांच्या स्कूटरवरून आला. तिचं चाक खुर्च्यांच्या रांगेत गेलं आणि रांग कोसळली. शेवटी मालकांनी त्याला सामानाच्या ढकलगाडीवर आडवा घालून, वर चादर टाकून, स्वतः ढकलत आणला. कासवनं चादर उचलली. खाली तो, हात छातीवर जुळवून, अगदी सभ्यपणे पडलेला.

"आता? काही वाटतंय का?"

"हसू येतंय हो!"

"त्यात भीती किती, बाकीचं किती?"

"मोजता येत नाहीये..." ती म्हणाली आणि तिचा आवाज जरा कापला.

तो उठून बसला. चादरीची घडी घातली. "राहू दे," तो मऊपणे म्हणाला. "तुम्हाला दचकवत राहायचं, हे काही बरं नाही." आणि पाय न वाजवता निघून गेला.

त्यानंतर तो आला नाही. दुकानात पावलं वाजत. गिऱ्हाइकांची, हमालांची, भांडत पलंग निवडणाऱ्या नव्या जोडप्यांची. कासव प्रत्येक वेळी मान वर करे. कपाटात एकदाही शिरली नाही. घरी खेळायला बसली तर तळघरात पहारेकरी आला आणि ती दडायचंच विसरली, तिथेच ऐकत उभी राहिली. मेली.

"काय गं?" आत्या ओरडली. "पळाली का नाहीस?"

"हा तो नाही गं आत्या. हा रेकॉर्ड केलेला आहे."

आत्यानं शिटी तोंडाशी नेली, मग काय वाटलं कोण जाणे, वाजवली नाही.

शनिवारी मालक जेवून परतले ते बातमी घेऊनच. "अगं, तुझा ऐकणारा दिसला. बसस्टँडवर. ही मोठी सूटकेस घेऊन."

कासवनं हातातला मापाचा टेप गिऱ्हाइकाच्या हातात दिला. "तुम्हीच मोजा," ती म्हणाली आणि धावली.

कासव धावली, हे मालक पुढे कित्येक दिवस लोकांना सांगत होते.

बसस्टँडवर कानांचा काही उपयोग नव्हता. शेकडो पावलं, ढकललेल्या बॅगा, रडणारी पोरं, भोंगे. त्या गदारोळात त्याची टाच असती तरी ऐकू आली नसती. तिनं डोळ्यांनीच शोधलं. शेवटच्या फलाटावर, बाकावर, सूटकेसशेजारी तो बसला होता. कानांवर हेडफोन, हातात वाऱ्यासाठी केसाळ टोपडं चढवलेला माईक. बूट बाकाखाली काढून ठेवलेले, कारण बसल्या जागी पाय हलला तरी त्यांचं चामडं बोलायचं.

"मला तुम्हाला सांगायचंय..."

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "शू... रेकॉर्डिंग चालू आहे."

तेवढ्यात मागून गर्दीचा लोंढा आला, माईक त्याच्या हातून निसटला आणि पडू नये म्हणून कासवनं तो झेलून छातीशी घट्ट धरला. गर्दी ओसरली. त्यानं हेडफोन कानाशी दाबला, कपाळाला आठी घातली.

"कसला आवाज येतोय हा? धड, धड... खूप जवळून."

"बसचं इंजिन असेल."

"समोरची बस बंद आहे."

कासवनं माईक छातीशी तसाच धरून ठेवला. त्याला कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"धावत आलात ना," तो चाचरत म्हणाला. "त्यामुळे असेल."

"शक्य आहे," ती म्हणाली. "थांबू या. घाई नको. की तुमची बस..."

"माझी बस? मी कुठे जातोय? कंपनीला परवाच कळवलं, काम इथूनच पाठवीन म्हणून."

"मला न विचारता?"

"तुमच्या 'हो'साठी नाही कळवलं. मला हे शहर ऐकायला आवडतं, म्हणून कळवलं. माझं ओझं तुमच्यावर नको."

"मग ही सूटकेस?"

"ओढण्याचा आवाज हवाय. रिकामी खरी वाटत नव्हती. आत आत्यांचे डंबेल्स आहेत."

"आत्याला माहीत होतं?"

"त्यांनीच तर भरून दिली."

कासव त्याच्याशेजारी बसली. माईक होता तिथेच. समोरची बस भरली आणि गेली. दुसरी लागली. एका बाईनं बाळाला थोपटून थोपटून झोपवलं आणि स्वतःच पेंगू लागली. वारा आला, तिच्या केसांची बट त्याच्या खांद्यावर उडाली. ती त्यानं बाजूला केली नाही. तो मुळी हललाच नाही. पाय पुढे, एका मोज्याला भोक, त्यातून बाहेर आलेला अंगठासुद्धा निश्चल.

"आता?" तिनं हलक्या आवाजात विचारलं. "आता काही मला धाप लागलेली नाही."

त्यानं डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ.

"चालूच आहे," तो म्हणाला. "उलट... वाढलंय."

"आणि तुमची पावलं?"

"बाकाखाली. रिकामी."

"मग त्यात भीतीचा काही संबंध दिसत नाही," कासव शांतपणे म्हणाली. एखाद्या गिऱ्हाइकाला हमी द्यावी तितक्या खात्रीनं. "मला तू आवडतोस. मोज्यासकट."

त्यानं हेडफोन काढले, परत घातले, परत काढले. मग माईक धरलेल्या तिच्या हातावर हात ठेवला.

"हे रेकॉर्डिंग मात्र वाया गेलं," तो म्हणाला.

"का रे?"

"मागे एक माणूस वेड्यासारखा हसतोय. सगळीकडे येणार तो."

"कोण?"

"मीच गं."