पाण्याखालचा लोड

ही घडलेली गोष्ट आहे. कुणाला पटो न पटो, फक्त संयोगितासमोर कुणी हसू नये.

संयोगिता माझी मावसबहीण. माहेर माधवनगरचं, सासर पाटणकडचं. नवरा राजवर्धन, फौजेतून पेन्शनवर आलेला. आणि शंभूराज, त्यांचं अडीच वर्षांचं पिल्लू. गुबगुबीत, लाघवी, पण छातीनं नाजूक. गारवा लागला की छाती घरघरायची. मग वाफेचं मशीन लावायचं, मांडीवर घ्यायचं, आणि श्वास मोकळा होईपर्यंत आईनं स्वतःचा श्वास धरून बसायचं.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. जागा, कोयना धरणाचा फुगवटा.

फौजेत असताना राजवर्धन शीड धरायला शिकला होता. इथं आल्यावर त्यानं शिडाची एक छोटी बोट आणली. आत दोन माणसं आडवी होतील एवढी केबिन. पर्यटकांना संध्याकाळी पाण्यावर न्यायचं, असा बेत. पण वाऱ्यावर बोट चालते, बल्ब लागत नाही. म्हणून पेट्रोलचा लहान जनरेटर घ्यायचं ठरलं.

दोघं मिरजेला शाहनवाजभाईंच्या जनरेटरच्या दुकानात गेले. ते शटर ओढायच्या बेतात होते.

“नशीब तुमचं, दुकान वाढवतच होतो,” ते म्हणाले. “आधी हे सांगा, त्याच्यावर चालवायचं काय काय?”

“चार-पाच दिवे, मोबाइल, छोटा फ्रिज,” राजवर्धन म्हणाला.

“आणि वाफेचं मशीन,” संयोगिता म्हणाली. “ते आधी धरा.”

भाईंनी मनातल्या मनात बेरीज केली. “चारशे वॉटच्या आत बसतंय. फ्रिज चालू होताना तिप्पट झटका खातो, तो धरून हजाराचा बास.”

“दोन हजाराचाच घेऊ की.”

“साहेब, जेवढी भूक तेवढं ताट. मोठा घेऊन हलका चालवला तर काजळी धरतो. आणि एक. केबिनमध्ये ठेवायचा नाही. त्याचा धूर दिसत नाही, पण झोपलेला माणूस उठत नाही. बोटीच्या मागच्या टोकाला, उघड्यावर ठेवा.”

हजाराचाच ठरत आला होता.

पण संयोगिताला लीलाबाई आठवल्या.

लीलाबाई फुगवट्याच्या काठावर चहा-भजी विकायच्या. त्यांचं माहेर त्याच पाण्याखाली. बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली, तेव्हा त्यांनी संयोगिताचा हात धरला होता.

“पोरी, लेकराला घिऊन पाण्यावर जानार तू. सांज टळली की दिवा वाढवत जा.”

“वाढवते की, मावशी.”

“इसरू नगंस. खाली गाव हाय.”

तिनं हे दुकानात सांगितलं. “अहो, लीलाबाई म्हणत होत्या, पाण्यावर दिवा वाढवायला लागतो.”

“बघा भाई,” राजवर्धन हसला. “म्हातारी माझ्याच पार्टीची निघाली.”

दोन हजाराचा जनरेटर आला. डोलकाठीवर मोठा फ्लडलाइट बसला.

त्या शनिवारी बोटीवर तिघंच होते. पर्यटक यायच्या आधी सगळं एकदा चालवून बघायचं होतं. दिवस मावळला. वारा पडला, पाण्यावर धुकं उतरायला लागलं. राजवर्धननं शीड उतरवलं, नांगर सोडला आणि मागच्या टोकाला जाऊन जनरेटरची दोरी ओढली.

शंभूची छाती वाजायला लागली होती. संयोगितानं त्याला मांडीवर घेऊन मशीन लावलं. वर फ्लडलाइट पेटला. भोवतालचं पाणी पांढरंफटक झालं.

थोडा वेळ सगळं ठीक होतं.

मग... जनरेटरचा आवाज बदलला.

जड झाला. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढाला लागावा, तसा.

“फ्रिजनं झटका घेतला असंल,” राजवर्धन म्हणाला. त्यानं फ्रिजची पिन काढली.

आवाज तसाच...

जनरेटरवर लोडचा, म्हणजे किती वॉट ओढले जातायत त्याचा, आकडा दिसायचा. दिवे आणि मशीन मिळून तो तीनशेच्या आत हवा होता.

नऊशे होता. आणि चढत होता.

“अगं, आत काय चालू आहे?”

“काही नाही.”

तेव्हा तिच्या लक्षात आलं. जनरेटर सोडला तर कुठलाच आवाज नव्हता. रातकिडे नव्हते. बोटीच्या अंगावर पाणी आपटतं, तेही नव्हतं.

तिनं कडेवरून खाली पाहिलं.

खोल पाण्यात... एक पिवळा ठिपका.

मग शेजारी दुसरा. मग तिसरा. ठिपक्यांची ओळ झाली. ओळ पुढं जाऊन वळली, गावातली बोळ वळते तशी.

एकेक ठिपका लागला की आकडा चढायचा.

आणि मग हाक आली.

“वाढव...”

बाईचा आवाज. काठाकडून आल्यासारखा.

“दिवा वाढव...”

“लीलाबाई दिसतायत,” राजवर्धन म्हणाला. “धुक्यात आपण दिसत नसणार त्यांना.” त्यानं केबिनमधला राहिलेला दिवाही लावला.

खाली अख्खी आळी उजळली.

जनरेटर कण्हला. त्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मशीनचा आवाज बारीक होत गेला. मास्कमधली वाफ विरळ झाली. शंभूच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. तो आईकडे बघत होता. रडायला लागतो, तेवढाही श्वास त्याच्याकडे नव्हता.

“वाढव...”

आता तो एक आवाज नव्हता. काठाकडूनही नव्हता.

संयोगितानं लेकराला घट्ट धरलं. डोक्यात तोच शब्द फिरत होता. वाढव. वाढव. आणि मध्येच तिला शाहनवाजभाईंचं अर्धं ओढलेलं शटर दिसलं.

दुकान वाढवतच होतो...

बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आणि जुन्या बाया दिवा ‘विझव’ असं कधी म्हणत नाहीत. अशुभ असतं.

“अहो, दिवे घालवा,” ती म्हणाली. “सगळे. मावशी विझवायला सांगत होत्या.”

“येडी झालीस का? आणि अंधारात...”

ती थांबली नाही. पोराला कडेवर घेऊन तिनं फ्लडलाइटची पिन उपसली. मग केबिनमधले दिवे एकेक करून बंद केले. मशीनची पिन तेवढी राहू दिली.

अंधार.

खालचे ठिपकेही जायला लागले. घाई न करता, एकेक. शेवटचा मात्र बराच वेळ राहिला. त्याच्यापाशी कुणीतरी उभं असावं, तसा थोडा झाकला जाऊन, पुन्हा दिसत...

मग तोही गेला.

आकडा धपकन खाली आला. मशीन जोरात फिरलं. शंभूनं एक लांब श्वास घेतला आणि मग तो रडला. पोराचं रडणं इतकं गोड कधीच लागलं नव्हतं, असं संयोगिता म्हणते.

सकाळी ती लीलाबाईंकडे गेली.

“म्या न्हाई हाक मारली,” त्या म्हणाल्या. “दिस बुडाला की मी काठाला थांबत न्हाई.”

“मग ते विझवच म्हणत होते ना, मावशी?”

लीलाबाईंनी स्टोव्हची वात उगाच खालीवर केली.

“माज्या आईच्या तोंडी त्योच शब्द व्हता. विझव म्हनायची न्हाई कवा. पर आमचं गाव लायटीपायी बुडालं, पोरी. गावात तार कवा आलीच न्हाई. त्यास्नी काय पायजे व्हतं... मी कसं सांगू?”

राजवर्धन म्हणतो, धूर लागला, भास झाले. असेल. पण जनरेटर मागच्या टोकाला उघड्यावर होता, आणि आकडा दोघांनी पाहिला होता. बोट आता काठावर पालथी आहे. जनरेटर भाईंनी परत घेतला. शंभूला घेऊन संयोगिता सध्या माधवनगरला असते.

परवा मी तिच्याकडे गेले होते. दिवेलागणीला तिनं समई लावली. शंभू माझ्या मांडीवर होता, उबदार, पेंगुळलेला. ज्योतीकडे बघत बघत तो हळूच म्हणाला,

“वाढव.”

तिच्या एका हातात तेलाची बाटली होती. दुसरा हात ज्योतीकडे गेला आणि मध्येच थांबला. कुठला हात पुढं करायचा, ते तिला कळेना.

मी त्याच्या छातीवर तळवा ठेवला. आत बारीक घरघर चालू होती.

छातीतलीच असेल...

पण ती चढाला लागल्यासारखी जड होत चालली होती.